वेशीवरची साडेबारा फुटी बॅट: थर्माकोल, सीएनसी मशीन आणि वाऱ्याचं गणित

सामन्यांचा हंगाम जवळ आला की मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एखादा फोटो फिरू लागतो. कुठल्याशा टर्फच्या गेटवर उभी असलेली दोन माणसांएवढी बॅट, शेजारी लाल चेंडू. खाली लगेच प्रश्न, “आपल्याकडं का नाही?” मग कुणीतरी तालुक्याच्या गावातल्या सीएनसीवाल्याला फोन लावतो. दाराची नक्षी, देव्हाऱ्याची जाळी कापणारा हा माणूस “हो, होईल की” म्हणतो आणि वर्गणीचा आकडा ठरायला लागतो.

होतं, यात शंका नाही. पण बहुतेक मंडळी मशीनचा दर विचारतात आणि तिथंच थांबतात. मशीन फक्त आकार काढून देतं. ती बॅट दोन वर्षं टिकणार की पहिल्याच वळवात रस्त्यावर येणार, हे आतला पाईप, वरचा लेप आणि खालचा पाया ठरवतात. त्यात थर्माकोल म्हटल्यावर कायद्याचाही प्रश्न येतो.

फोमच का?

एखादी वस्तू दहापट मोठी केली की तिची उंची दहापट होते, पण वजन हजारपट होतं. कारण लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही दहापट वाढतात. क्रिकेटचा लेदर बॉल साधारण 160 ग्रॅमचा, व्यास 7.2 सेंटीमीटरच्या आसपास. तोच बॉल त्याच मालात दहापट करायचा म्हटलं तर व्यास 72 सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम सव्वादोन फूट होईल, पण वजन 160 किलो. गेटवर चढवायला क्रेन लागेल.

थर्माकोलचा तेवढाच बॉल सुमारे चार किलोचा होतो. थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीनचे मणी, ज्यात बहुतांश जागा हवेनेच व्यापलेली असते. त्याची प्रत घनतेवरून ठरते. टीव्हीच्या खोक्यात येणारा माल हलका असतो, कापताना त्याचे मणी सुटतात. कोरीव कामाला घनमीटरला 20 ते 25 किलो घनतेचा माल घ्यावा. दुकानात अंगठा दाबून बघितला तरी फरक कळतो. हलक्या मालात खड्डा पडतो आणि तसाच राहतो.

याला वरची मर्यादाही आहे. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात बेसबॉलची 120 फुटी बॅट उभी आहे, ती पोलादाची आहे. दहा-पंधरा फुटांच्या पुढं गेलं की फोम नुसता मुलामा उरतो आणि खरं काम लोखंडाचंच होतं.

गरम तार आणि फिरतं पातं

फोम कापायच्या सीएनसी यंत्रांचे मुख्यतः दोन प्रकार. पहिला गरम तारेचा. नायक्रोमची बारीक तार ताणून बांधलेली असते. कमी व्होल्टेजच्या ट्रान्सफॉर्मरने ती तापवतात. तार लालबुंद होऊ द्यायची नसते, थर्माकोल पुढं सरकताना वितळेल इतकीच ऊब पुरते. हाताने कापताना कुठं हात रेंगाळला की तिथं जास्त वितळतं आणि खाच पडते. मशीन तारेचा वेग सारखा ठेवतं, म्हणून कड गुळगुळीत येते. मशीनचा खरा फायदा हाच.

पण तार सरळ असते. त्यामुळे बॅटची बाह्यरेषा, अक्षरं, स्टंप, नंबर असले आकार तिला सहज जमतात, बॅटच्या पाठीवरचा फुगवटा जमत नाही.

तिथं दुसरं यंत्र लागतं, राऊटर. लाकडावर नक्षी काढणारं तेच, फिरत्या बिटचं. बिट डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली अशी तीन दिशांनी फिरते. आधी जाड बिटने जादा माल उडवायचा, मग गोल टोकाच्या बिटने बारीक फेरे मारून पृष्ठभाग साफ करायचा. फेऱ्यांमधलं अंतर जितकं कमी, तितका पृष्ठभाग गुळगुळीत आणि तितके मशीनचे तास जास्त. फोमवर नंतर लेप चढणारच असतो, त्यामुळे अगदी काचेसारखी फिनिश मागण्यात अर्थ नाही. ते पैसे लेपावर घालावेत.

राऊटरची अडचण उंचीची. दार कोरणाऱ्या मशीनमध्ये बिट फार खोल जात नाही. शिवाय बिट वरून येते, त्यामुळे पोटाखालचा भाग तिला दिसतच नाही. म्हणून बॉल एका तुकड्यात निघत नाही. दोन अर्धगोल करायचे, प्रत्येकाचे चकतीसारखे थर पाडायचे, थर वेगवेगळे कापायचे आणि मग चिकटवायचे. बॅटचंही तसंच.

खरं सांगायचं तर एकच बॉल हवा असेल तर सीएनसीची गरजच नाही. थर्माकोलचा ठोकळा मधल्या आसावर फिरवायचा आणि गरम तार अर्धगोलात वाकवून शेजारी रोवायची. बॉल निघतो. तालमीसाठी गदा हवी असेल तर तीही अशीच. महाराष्ट्र केसरीच्या विजेत्याला चांदीची गदा मिळते, त्यामुळे कुस्तीच्या फलकावर गदा हवीच असते, आणि ती आसाभोवती सगळीकडून सारखी असल्यामुळे करायलाही सोपी. गणपतीचे मखर करणाऱ्या जुन्या कारागिरांना ही कामं तोंडपाठ आहेत. एकसारखे सहा स्टंप, गावाच्या नावाची मोठी अक्षरं किंवा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी बॅट हवी असेल, तेव्हा मशीनचे पैसे वसूल होतात. कबड्डीवाल्यांची मात्र पंचाईत आहे. त्यांच्या खेळाला साहित्यच नाही, त्यामुळे चढाई करणाऱ्या खेळाडूची सपाट आकृती कापून घ्यायची, एवढंच.

माप ठरवताना चार सेंटीमीटरची गंमत

डिझाइनसाठी नेटवरचं चित्र देण्यापेक्षा घरातली बॅट मशीनवाल्याकडं घेऊन जावी. मोठ्यांची नेहमीची बॅट सुमारे 85 सेंटीमीटर लांब असते. नियमाप्रमाणे रुंदी जास्तीत जास्त 10.8 सेंटीमीटर आणि जाडी 6.7 सेंटीमीटर. आता समजा मंडळाने ठरवलं, बरोब्बर पाचपट करू. रुंदी होते 54 सेंटीमीटर.

बाजारात सर्रास मिळणारी थर्माकोल शीट एक मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद असते. म्हणजे चार सेंटीमीटरसाठी प्रत्येक थराला बाजूने एक पट्टी जोडावी लागणार. जोड वाढले, चिकटवण्याचं काम वाढलं आणि जिथं जोड तिथं पुढं भेग. त्याऐवजी साडेचारपट करा. रुंदी 48.6 सेंटीमीटर, शीटमध्ये बसली. जाडी 30 सेंटीमीटर, म्हणजे दहा सेंटीमीटरचे तीन थर पुरले. लांबी होते 3.82 मीटर, साडेबारा फूट. रस्त्यावरून बघणाऱ्याला पाचपट आणि साडेचारपट यातला फरक कळत नाही, मंडळाच्या खजिनदाराला मात्र कळतो.

एवढ्या बॅटचा नुसता फोम सहा किलोच्या आत भरतो. खऱ्या लाकडात केली असती तर शंभरच्या पुढं गेली असती.

बॉल मात्र बॅटच्या हिशेबात ठेवू नये. साडेचारपट बॉल फक्त सव्वातीनशे मिलिमीटरचा होतो आणि बॅटशेजारी लिंबासारखा दिसतो. फलकावर तो दुप्पट मोठा घेतला तरच नजरेत भरतो. त्यावरची शिवण मशीनने कोरून घेण्यापेक्षा बॉलभोवती सुती दोरीच्या सहा ओळी चिकटवल्या तर स्वस्तात पडतं आणि दिसतंही खरं. गावात सामने टेनिस बॉलचे असतात, पण फलकावर लाल लेदर बॉलच लागतो. टेनिस बॉल लावलेला फलक कुणी अजून मागितलेला दिसत नाही!

चिकटवण्यात आणि रंगात घात

सगळ्यात जास्त माल वाया जातो तो इथं. थर्माकोलला पेट्रोल, थिनर, पंक्चर काढायचं सोल्युशन यातलं काहीही लागलं की तो विरघळतो. हार्डवेअरच्या दुकानातला लाल स्प्रे रंग संध्याकाळी बॉलवर मारला तर सकाळी त्यावर चंद्रासारखे खड्डे दिसतात. फायबरच्या टाक्या करणारे जो साधा रेझिन वापरतात, तोही थेट फोमवर चालत नाही, कारण त्यातलं द्रव फोम खातं. इपॉक्सी रेझिन चालतो.

सुतारकामाचा पांढरा गम फोम खात नाही, पण दोन मोठ्या शीटच्या मधोमध तो लवकर वाळत नाही. पाणी बाहेर जायला वाटच नसते. कडा घट्ट आणि पोट ओलं, असं होतं. थर चिकटवायला थर्माकोलसाठीचा खास गम किंवा पीयू फोमचा चिकट थर बरा. पीयू वाळताना फुगतो, म्हणून वर वजन ठेवून रात्रभर दाबून ठेवावं लागतं.

काहीही वापरा, आधी टाकाऊ तुकड्यावर लावून एक रात्र थांबा.

लेपाचं काम दोन रीतींनी होतं. मोठ्या शहरांतले फलकवाले यंत्राने पॉलियुरियाचा कडक थर फवारतात. तो उत्तम असतो, पण त्याला खास यंत्र आणि तयार माणूस लागतो. तालुक्याला जमणारी रीत म्हणजे पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक बाँड आणि सिमेंटचा पातळ लेप, त्यात फायबर ग्लासची बारीक जाळी दाबायची, वाळल्यावर दुसरा लेप, मग पुट्टी आणि घासकाम. शेवटी पाण्यात मिसळणारा बाहेरच्या भिंतीचा रंग. इमारतींच्या बाहेरून फोमचे थर लावतात, तेव्हा हीच जाळी-लेपाची रीत वापरतात.

लेप न चढवता नुसता रंग मारला तर ऊन फोमला खातं. तो पिवळा पडतो, मग वरचा थर पिठासारखा झडतो. मुंग्या आणि उंदीर तर थर्माकोलमध्ये बिळं करतातच. म्हणून खालची कडही लेपाने पूर्ण बंद करावी आणि बॅटचं टोक जमिनीला टेकवू नये, फूटभर वर ठेवावं.

आगीचंही बघावं. साधा थर्माकोल भडकतो आणि काळा धूर सोडतो. आग लवकर न धरणाऱ्या प्रतीचा माल मिळतो, तो मागून घ्यावा. तरीही हॅलोजनचा दिवा फोमला टेकवून लावणं, जनरेटर फलकाखाली ठेवणं आणि विजेत्यांच्या मिरवणुकीचे फटाके गेटखालीच उडवणं टाळावं.

सहा किलोची वस्तू, 130 किलोचा धक्का

फोम हलका आहे म्हणून दोन बांबूंना सुतळीने बांधलं तरी चालेल, असं वाटतं. वारा वजन बघत नाही, समोरचं क्षेत्रफळ बघतो. हिशेब सोपा आहे. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि 0.6 ने गुणायचं. एका चौरस मीटरवर किती न्यूटन दाब येतो ते मिळतं. त्याला साधारण दहाने भागलं की किलो.

बांधकामासाठीच्या भारतीय मानकात, आयएस 875 च्या तिसऱ्या भागात, पुण्यासाठी मूळ वेग 39 मीटर प्रति सेकंद धरलाय आणि नागपूरसाठी 44. 39 म्हणजे ताशी 140 किलोमीटर. असा वारा रोज येत नाही, पण बांधताना तोच धरायचा असतो. त्या वेगाला दर चौरस मीटरवर 90 किलोहून जास्त दाब येतो. साडेबारा फुटी बॅटचं समोरचं क्षेत्र जवळपास दीड चौरस मीटर. म्हणजे सहा किलो फोमच्या बॅटला वारा 130 किलोंहून जास्त जोराने ढकलणार, आणि तोही जमिनीपासून पाचेक फुटांवर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हेही ध्यानात ठेवावं.

गावाकडचे सामने हिवाळ्यात सुरू होतात आणि मेपर्यंत चालतात. वळवाची वादळं एप्रिल-मेमध्येच येतात. 17 एप्रिल 2023 रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या किवळे इथं होर्डिंग कोसळून पाच जणांचा जीव गेला. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर 120 फुटी होर्डिंग पडलं, 17 जण गेले. ती होर्डिंगं आणि गावच्या वेशीवरची बॅट यांत आकाराचा मोठा फरक आहे. पण वाऱ्यापासून वाचायला पावसात थांबलेली माणसं आडोशाला उभी राहतात, ती कमानीखालीच.

त्यामुळे पाईप आधी ठरवायचा, मग मशीनला फाइल द्यायची. मधल्या थरात पाईपएवढी खाच मशीननेच काढून घेता येते. थर चिकटवण्याआधी त्यात लोखंडी पाईप बसवायचा, त्याला दोन-तीन ठिकाणी आडव्या पट्ट्या वेल्ड करायच्या, म्हणजे फोम पाईपभोवती फिरत नाही. वेल्डिंग मात्र फोम बसवायच्या आधी. खाली जाड बेस प्लेट आणि काँक्रीटमध्ये पुरलेले अँकर बोल्ट. पायाचा खड्डा किती, पाईप केवढा, हे काळ्या मातीत आणि मुरमात वेगळं निघतं. हे काम ग्रामपंचायतीचं काम बघणाऱ्या इंजिनिअरला किंवा शेड बांधणाऱ्या जाणत्या माणसाला कागदावर काढून द्यायला सांगावं. फॅब्रिकेटरच्या “काही होत नाही हो”वर विसंबू नये. आधीच उभ्या असलेल्या कमानीच्या माथ्यावर बॅट चढवायची असेल तर आणखी सावध राहावं. ती कमान बांधताना हा जोर कुणी धरलेला नसतो.

आणि पोरं चढणार. बॅट म्हटली की सेल्फी आली, सेल्फी म्हटली की लटकणं आलं. एकतर हात पोचणार नाही इतकी वर बसवावी, नाहीतर भोवती कठडा करावा.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्रात 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. सजावटीचा थर्माकोल त्यातच गेला, पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड ठरला. मखरं करणाऱ्या कारागिरांचा हंगाम तेव्हाच बसला. नंतर केंद्राच्या नियमांनी 1 जुलै 2022 पासून देशभर ज्या एकदा वापरून फेकायच्या वस्तू बंद केल्या, त्यांतही सजावटीचं पॉलिस्टायरीन आहे. 100 मायक्रॉनपेक्षा पातळ बॅनरही त्याच यादीत आहेत.

म्हणजे तीन दिवसांच्या स्पर्धेसाठी थर्माकोलची बॅट करायची आणि बक्षीस समारंभानंतर ओढ्यात टाकायची, हे सरळ नियमाविरुद्ध आहे. जाळी-लेप चढवलेला, पाया घालून कायम उभा केलेला फलक वेगळा म्हणता येईल, पण मंडळाने तो निवाडा आपणच करू नये. ग्रामपंचायत किंवा नगरपंचायतीकडं अर्ज करताना आत कुठला माल आहे ते स्पष्ट लिहावं आणि परवानगी लेखी घ्यावी. जागा राज्यमार्गाच्या किंवा राष्ट्रीय महामार्गाच्या हद्दीत येत असेल तर रस्ता ज्यांच्या ताब्यात त्यांचीही परवानगी लागते.

फक्त एका हंगामासाठी हवी असेल तर तीच फाइल दुसऱ्या मालावर वापरता येते. प्लायच्या फासळ्या सीएनसीवर कापायच्या, होडीच्या सांगाड्यासारख्या पाईपवर ओवायच्या, बांबूच्या कामट्या लावायच्या आणि वर कापड ताणून खळीने कडक करायचं. वजन वाढतं, पण स्पर्धा संपली की सांगाडा सुटा करून मंदिराच्या खोलीत ठेवता येतो. मखरवाल्या कारागिराला हे काम दिलं तर त्याचा हातही चालू राहतो.

कापताना उडणारे मणी

राऊटरवर फोम कापला की पांढरा चुरा सगळीकडं उडतो आणि घर्षणाच्या विजेमुळे कपड्यांना, केसांना, भिंतींना चिकटतो. झाडूने तो गोळा होत नाही. मशीनला व्हॅक्यूम आहे का, हे काम देण्याआधीच बघावं. उघड्या शेडमध्ये कापलेला चुरा वाऱ्याने शेजारच्या शेतात जातो, तिथून गुरांच्या चाऱ्यात. तो कुजत नाही. उरलेले तुकडे आणि चुरा पोत्यात भरून थर्माकोल परत घेणाऱ्याकडं देण्याची अट कोटेशनमध्येच लिहून घ्यावी.

गरम तारेने कापताना वाफ निघते, खोली बंद ठेवू नये. आणि एक गोष्ट पक्की: गरम तार फक्त थर्माकोलसाठी. पीयू फोम किंवा पीव्हीसीचा सनबोर्ड तिने कापला तर विषारी वायू निघतो. हा माल पात्यानेच कापायचा.

कोटेशन घेताना

“बॅट केवढ्याला?” असं विचारलं की एकच आकडा मिळतो आणि त्यात काय आहे ते कळत नाही. फोमची घनता, थर किती, लेपाचे हात किती आणि जाळी आहे की नाही, पाईपचा व्यास आणि जाडी, पाया कुणी घालायचा, वाहतूक कुणाची, हे वेगवेगळं लिहून मागावं. दोन ठिकाणांचे आकडे तेव्हाच शेजारी ठेवून बघता येतात. बऱ्याचदा स्वस्त कोटेशनमध्ये जाळी नसते, किंवा पाया “मंडळाने करावा” असं शेवटच्या ओळीत असतं.

वाहतुकीचा विचार डिझाइनच्या वेळीच करावा. साडेबारा फुटी बॅट छोट्या टेम्पोच्या हौद्यात मावत नाही, मागून बाहेर राहते आणि खड्ड्यात हेलकावली की लेपाला तडा जातो. दांडा आणि पातं वेगळं करून, आतल्या पाईपला एकात एक बसणारा जोड ठेवला तर दोन तुकडे नीट येतात. बॅटच्या खांद्यापाशी तसाही रंग बदलतो, जोड तिथं दडतो.

उभी केल्यावर दरवर्षी दोनदा शिडी लावून बघायचं, एकदा मार्चअखेर आणि एकदा पावसाळा संपल्यावर. केसाएवढी भेग दिसली तर लगेच लेप भरायचा. बोल्ट पान्याने आवळून बघायचे. पाईपच्या बुडाशी गंज धरलाय का ते खरवडून बघायचं, कारण बॅट मोडते ती बहुधा तिथूनच. आणि हवामान खात्याचा वादळाचा इशारा मोबाईलवर आला तर त्या दिवशी फलकाखालचा नाष्ट्याचा गाडा दुसरीकडं लावायला सांगायचं.